वेरूळची सहल : मार्गदर्शकाचा वेळ कोठे संपतो?

दीपावलीचे वहीपूजन आटोपले, लाभपंचमीला दुकानाची कुलपे पुन्हा उघडली आणि सणाची गिऱ्हाइकी ओसरली, की आपल्या व्यापारी कुटुंबांत सहलीचा विषय हमखास निघतो. वर्षभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला मिळणारे दिवस मोजके. मुलांच्या शाळा, घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे, चौविहार पाळणाऱ्या मंडळींची जेवणाची वेळ आणि दुकानात मागे थांबणाऱ्या भावाची सोय, एवढ्या गोष्टींचा मेळ घालून चार-पाच दिवस काढायचे असतात. त्यामुळे हे दिवस कसे खर्च करायचे हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

सहलीची जाहिरातपत्रके आता भ्रमणध्वनीवरच येतात. ‘तीन रात्री, चार दिवस, अकरा स्थळे’ अशा थाटाची ती असतात. आपण पत्रक वाचतो, स्थळे मोजतो आणि माणशी दर पाहतो. जेथे स्थळे अधिक आणि दर कमी, तो सौदा आपल्याला चांगला वाटतो. मालाच्या खरेदीत मात्र आपण असे कधी करीत नाही. तेथे नग मोजण्याआधी आपण मालाचा पोत पाहतो, वजन पाहतो, घट किती निघेल हे विचारतो. सहलीच्या बाबतीतच ही व्यापारी बुद्धी आपण घरी का ठेवून जावी?

या लेखापुरते एकच शहर घेतले आहे : छत्रपती संभाजीनगर. शहरात मुक्काम करून रोज एका दिशेला जाऊन परत यावे, अशी सोय असलेले महाराष्ट्रातील हे उत्तम ठिकाण आहे. खोपोलीकरांना ते गैरसोयीचेही नाही. लोकलने कर्जत गाठून पुढे कल्याणला गाडी बदलली, की मनमाडमार्गे थेट जाता येते. तपोवन एक्स्प्रेस सकाळी मुंबई सोडून दुपारी तेथे पोहोचते, तर देवगिरी एक्स्प्रेस रात्री निघून पहाटे पोहोचते. स्वतःच्या वाहनाने द्रुतगती मार्गाने पुणे आणि पुढे अहिल्यानगर असे गेल्यास अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. आणि जैन कुटुंबाने या शहराचा विचार करण्याचे सर्वांत मोठे कारण तेथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. ते म्हणजे वेरूळ.

चौतीस लेणी, पण पाहिली किती?

वेरूळच्या डोंगरात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. इ.स. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एकाच कड्यात तीन धर्मांची लेणी शेजारी-शेजारी असणे, ही वेरूळची खरी थोरवी.

आता या लेण्यांची मांडणी डोळ्यांसमोर आणावी. प्रवेशद्वारातून आत गेले की समोरच १६ क्रमांकाचे कैलास लेणे येते. उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, बौद्ध लेणी आहेत. डावीकडे उत्तरेला उरलेल्यांपैकी बहुतेक हिंदू लेणी आहेत. जैन लेणी त्यांच्याही पलीकडे, उत्तरेच्या अगदी टोकाला, कैलासपासून एक किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. ती इतर लेण्यांच्या रांगेत सहज वाटेवर लागत नाहीत. तेथे मुद्दाम जावे लागते.

आणि घोडे नेमके येथेच अडते. एकदिवसीय ‘वेरूळ दर्शना’च्या बहुतेक कार्यक्रमांत वेरूळबरोबर दौलताबादचा किल्ला, घृष्णेश्वर, खुलताबाद, बीबी का मकबरा आणि पाणचक्की एवढे सर्व बांधलेले असते. वेरूळच्या वाट्याला त्यातून दीड-दोन तास येतात. मार्गदर्शक आधी कैलास दाखवतो, मग विश्वकर्मा लेणे म्हणून प्रसिद्ध असलेले १० क्रमांकाचे चैत्यगृह दाखवतो आणि घड्याळाकडे पाहून म्हणतो, ‘पुढे असेच आहे, आता किल्ल्यावर उशीर होईल.’ गाडी सुटते. जैन कुटुंब वेरूळला जाऊन येते, छायाचित्रे दाखवते, आणि ज्यासाठी जायला हवे होते ती पाच लेणी मागे राहतात. पत्रकावर ‘वेरूळ’ लिहिलेले असते आणि वेरूळला जाऊन आल्याचेही खोटे नसते. म्हणून तक्रार तरी कोणाकडे करणार?

यावरून सहल निवडण्याचा पहिला नियम हाती येतो. सहलीत कोणती स्थळे आहेत हे विचारू नये. त्या स्थळी कोणत्या ठिकाणापर्यंत नेणार आणि मार्गदर्शकाचा वेळ कोठे संपणार, हे विचारावे. ‘वेरूळ’ असे उत्तर आले तर पुढे विचारावे, ‘लेणे क्रमांक ३२ पाहायला किती वेळ देणार?’ या एका प्रश्नाने अर्ध्याहून अधिक कार्यक्रम आपोआप गळून पडतात.

तासाचा हिशेब

दर स्वस्त की महाग हे ठरवताना माणशी रक्कम पाहणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष स्थळावर मिळणाऱ्या दर तासाला आपण किती मोजतो, हे पाहिले पाहिजे. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. वाचकांनी त्या त्या वेळचे दर घालून तो पुन्हा मांडावा.

समजा, बसची एकदिवसीय सहल सकाळी साडेनऊला निघते आणि संध्याकाळी साडेपाचला परत येते. एकूण ४८० मिनिटे झाली. प्रवासाची १२० मिनिटे वजा करा. जेवणाची ४५ मिनिटे वजा करा. सहा स्थळी सर्वांनी गाडीत चढणे, उतरणे आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहणे यासाठी प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे ६० मिनिटे वजा करा. उरली २५५ मिनिटे. सहा स्थळांत ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ४२ मिनिटे येतात. एकटे कैलास लेणे नीट पाहायला दीड तास हवा. माणशी दर ६०० रुपये धरला, तर सव्वाचार तासांच्या पाहण्यासाठी तासाला सुमारे १४१ रुपये पडले.

आता दुसरा पर्याय पाहू. सहा जणांच्या कुटुंबाने फक्त वेरूळसाठी वाहन केले, त्याचे ३००० रुपये आणि मार्गदर्शकाचे २००० रुपये धरले, तर माणशी ८३३ रुपये होतात. रक्कम पाहताच हा पर्याय महाग वाटतो. पण सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन एवढा वेळ स्थळावर मिळाला आणि त्यातील अर्धा तास जेवणाला गेला, तरी सहा तास उरतात. तासाला दर पडला सुमारे १३९ रुपये. म्हणजे जो सौदा महाग दिसत होता, तो बसच्या बरोबरीचाच निघाला, आणि पाचही जैन लेणी पदरात पडली.

वाहन ठरवतानाही शब्द नीट ऐकावेत. शहरातील भाड्याची वाहने अनेकदा ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ अशा मर्यादेत मिळतात. वेरूळला जाऊन येण्यास ही मर्यादा पुरते, अजिंठ्याला पुरत नाही. बाहेरगावच्या फेरीसाठी दिवसाला किमान किलोमीटरची अट असते आणि तेवढे अंतर तोडले नाही तरी त्याचे पैसे द्यावे लागतात. चालकाचा भत्ता, पथकर आणि वाहनतळाचे शुल्क दरात धरले आहे की वेगळे, हेही आधी लिहून घ्यावे. तोंडी व्यवहारात शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा हिशेब खरा ठरतो.

मार्गदर्शक पारखावा कसा?

मार्गदर्शक घ्यावाच का, असे पुष्कळांना वाटते. फलक वाचून लेणी पाहता येतात हे खरे. परंतु जैन लेण्यांतील शिल्प फलकांवर सामावत नाही आणि उघड्या डोळ्यांना ते बरेचसे सारखे दिसते. पद्मासनात किंवा कायोत्सर्गात उभी असलेली शांत मूर्ती, तीच पुन्हा पुढच्या भिंतीवर, तीच खांबावर. मुले पाच मिनिटांत कंटाळतात. जाणकार माणूस बरोबर असेल तर तीच भिंत बोलू लागते.

पर्यटन मंत्रालयाचा किंवा पुरातत्त्व खात्याचा परवाना असलेले मार्गदर्शक ओळखपत्र बाळगतात. ते आधी पाहावे. दर अर्ध्या दिवसाचा की पूर्ण दिवसाचा, किती माणसांपर्यंत, कोणत्या भाषेत, हे बोलून घ्यावे. मात्र ओळखपत्राने परवाना कळतो, ज्ञान कळत नाही. त्यासाठी प्रवेशद्वारापाशीच तीन साधे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : पार्श्वनाथांची मूर्ती कशी ओळखावी? उत्तर सोपे आहे, मस्तकावरील नागफणांवरून. दुसरा प्रश्न : भगवान बाहुबलींची मूर्ती कोणती? ज्यांच्या अंगावर वेली चढल्या आहेत, ती. तप इतके दीर्घ की देहावर वेली वाढल्या तरी भान नाही, ही कथा त्या वेलींत कोरलेली आहे. तिसरा प्रश्न थोडा अवघड : ३२ क्रमांकाच्या लेण्याला इंद्रसभा का म्हणतात? ‘तेथे इंद्राची सभा भरली आहे म्हणून’ असे उत्तर आले, तर सावध व्हावे. तेथे हत्तीवर बसलेली एक भव्य मूर्ती आहे. ती यक्षाची आहे. पूर्वीच्या लोकांनी हत्ती पाहून तिला इंद्र समजले आणि तेच नाव रूढ झाले. तिच्या समोर आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका यक्षी आहे. हे सांगणारा माणूस मिळाला, तर त्याच्या दरात घासाघीस करू नये.

वेरूळच्या एका फेरीत, शेजारच्या गटाला घेऊन आलेला मार्गदर्शक तीर्थंकरांच्या मूर्तीसमोर उभा राहून ‘हेही बुद्धच’ असे निःशंकपणे सांगताना मी ऐकला आहे. त्या गटातील मुले ती गोष्ट खरी मानून घरी गेली असतील. पैशाचे नुकसान भरून निघते. मुलांच्या मनात एकदा बसलेला चुकीचा समज मात्र सहजी निघत नाही.

आणखी एक सूचना. जो मार्गदर्शक स्वतःहून फुकट किंवा नाममात्र दरात येण्याची तयारी दाखवतो, तो दिवसाचा शेवट हिमरू शालींच्या किंवा पैठणीच्या दुकानात करतो. दलालीचे गणित आपल्या वाचकांना शिकवण्याची गरज नाही. खरेदी जरूर करावी, पण ती स्वतंत्र वेळ काढून आणि स्वतंत्र दुकान निवडून करावी. लेण्यांतील एक तास कापून त्या बदल्यात दुकानातील एक तास घेऊ नये.

त्या पाच लेण्यांत काय आहे?

या पाच लेण्यांसाठी एवढा आग्रह का, हे आता सांगितले पाहिजे.

ही लेणी मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकातील, दिगंबर परंपरेची आहेत. महाराष्ट्रावर तेव्हा राष्ट्रकूटांची सत्ता होती. आठव्या शतकात याच घराण्यातील पहिल्या कृष्णाच्या काळात कैलास लेण्याचे काम झाले, आणि नवव्या शतकात अमोघवर्ष राजा आचार्य जिनसेनांपुढे नतमस्तक झाला. एकाच राजघराण्याच्या छायेत शिवमंदिरही कोरले गेले आणि जिनालयेही. ३० क्रमांकाच्या लेण्याला ‘छोटा कैलास’ म्हणतात. मोठ्या कैलासाचा आराखडा समोर ठेवून जैन कारागिरांनी ते लहान प्रमाणात घडवले. शेजारच्याचे चांगले ते मोकळ्या मनाने घ्यावे, हा धडा तेथे दगडात आहे.

३२ क्रमांकाची इंद्रसभा दुमजली आहे. अंगणात एकाच खडकातून कोरलेले चौमुखी मंदिर आणि एकसंध दगडाचा हत्ती आहे. वरच्या मजल्यावर नक्षीदार खांब, छतावर उमललेले कमळ आणि कोठे कोठे मूळ रंगकामाचे अवशेष दिसतात. पार्श्वनाथांवर कमठाने केलेला उपसर्ग तेथे कोरला आहे. भोवती वादळ, शस्त्रे, हिंस्र पशू आणि मध्ये अविचल उभे असलेले पार्श्वनाथ. आपल्याकडील मुले ही कथा पाठशाळेत ऐकतात. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने ती कशी सांगितली, हे त्यांना येथे पाहता येते. एका मूर्तीखाली सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याचे नाव आहे. राजाचे नाव शोधूनही सापडत नाही आणि एका ब्रह्मचाऱ्याचे नाव टिकून आहे. ३३ क्रमांकाचे लेणे जगन्नाथसभा या नावाने ओळखले जाते. तेही दुमजली असून मूर्तींनी भरलेले आहे.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट मार्गदर्शक सहसा सांगत नाही. याच अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात त्रैराशिक आणि व्याजाची उदाहरणे आहेत. म्हणजे ज्या काळात ही लेणी कोरली जात होती, त्याच काळात त्याच राज्यात मुद्दल, मुदत आणि व्याज यांचे नियम श्लोकांत बांधले जात होते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून आनंद वाटतो. गल्ल्यावर बसणाऱ्या नातवालाही तो वाटेल.

लेण्यांच्या वर डोंगरावर पार्श्वनाथांची सुमारे १६ फूट उंचीची मूर्ती आहे. तिच्यावरील लेखात शके ११५६ असे वर्ष, म्हणजे इ.स. १२३४-३५ आहे आणि चक्रेश्वर नावाच्या श्रावकाचे दान नोंदलेले आहे. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादच्या एका व्यापाऱ्याने या मूर्तीवर निवारा बांधला. राष्ट्रकूट गेले, यादवांचे राज्यही लयाला गेले, तरी कोणी तरी गृहस्थ पुढे येऊन त्या मूर्तीवर छप्पर घालतो. ही परंपरा राजांची नाही, आपल्यासारख्या संसारी माणसांची आहे. ती मुलांना दाखवायची नाही, तर दुसरे काय दाखवायचे?

घड्याळ, सूर्य आणि शिधा

जैन कुटुंबाच्या सहलीचे वेळापत्रक सूर्यावर बांधलेले असते आणि सहलकंपनीचे जेवणाच्या हॉटेलावर. दोन्हींचा मेळ आधीच घालावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संभाजीनगरला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. मुंबईपेक्षा तो सुमारे दहा मिनिटे आधी असतो, हे लक्षात ठेवावे. ज्या सहलीतून साडेपाचला परत यायचे, तिच्यात चौविहार करणाऱ्याला जेवायला पंधरा मिनिटेही मिळत नाहीत. नवकारशी पाळणाऱ्यांना सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबावे लागते. त्यामुळे पहाटे निघणारी सहल त्यांना उपाशीपोटी प्रवास घडवते. म्हणून निघण्याची आणि परतण्याची वेळ विचारून मगच पैसे भरावेत.

हॉटेलच्या यादीत ‘जैन भोजन’ असे लिहिलेले असले, तरी पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ कांदा-लसूण नाही एवढाच धरला जातो. बटाटा निःसंकोचपणे पानात येतो. कंदमुळे वर्ज्य आहेत हे शब्दांत सांगावे. दिवसाच्या फेरीसाठी खाखरे, थेपले, सुकी भाजी आणि उकळलेल्या पाण्याची बाटली आपल्याबरोबर असली, की कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. परंतु लेण्यांच्या आत बसून खाऊ नये. ते संरक्षित स्मारक आहे, आणि आपल्यासाठी तर जिनालय आहे.

वेरूळचा दिवस मी असा सुचवीन. नवकारशी पारून आठच्या सुमारास निघावे आणि नऊपर्यंत पोहोचावे. पहिला दीड तास कैलास, पुढचा तासभर १० आणि १२ क्रमांकांची बौद्ध लेणी. त्यानंतर उत्तरेच्या टोकाला जावे. तिकडे प्रवेशद्वारापासून बससेवा असते. त्या दिवशी ती सुरू आहे का, हे तिकीट घेतानाच विचारावे, म्हणजे वडीलधाऱ्यांना चालावे लागत नाही. वेरूळची लेणी सर्वसाधारणपणे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपार कलताना उजेड आतपर्यंत येतो, म्हणून जैन लेण्यांसाठी दुपारचे दोन तास उत्तम. ज्यांना चढता येईल त्यांनी डोंगरावर जाऊन पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे. साडेतीन-चारला निघाले की सूर्यास्तापूर्वी मुक्कामी शांतपणे जेवता येते. दौलताबादचा किल्ला त्याच दिवशी करू नये. तो चढणीचा आहे आणि थकल्या पायांनी पाहण्यासारखा नाही.

वार पाहून बेत

दुकानदाराला आठवड्याचा कोणता दिवस मोकळा, यावर सहल ठरते. या शहराच्या बाबतीत मात्र वार उलट बाजूनेही पाहावा लागतो. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ लेणी मंगळवारी. रविवारी रात्री पोहोचून सोमवार-मंगळवार हाताशी ठेवणाऱ्याला या दोन्ही स्थळांपैकी एकेका दिवशी एकच उघडे मिळते, तेही बेत नेमका उलटा झाला तर हातचे जाते.

शुक्रवार ते मंगळवार असा बेत सोयीचा पडतो. शुक्रवारी पोहोचून शहरातच बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहावी. शनिवार पूर्ण वेरूळला द्यावा. रविवारी अजिंठा. ते सुमारे १०० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन पाच-सहा तास रस्त्यातच जातात, म्हणून त्या दिवशी दुसरे काहीही जोडू नये. फर्दापूरजवळ आपले वाहन सोडून पुढे तेथील बसने जावे लागते. चालवत नसेल त्यांच्यासाठी डोल्या मिळतात. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी प्रसिद्ध आहेत. वेळ कमी असेल तर तीच नीट पाहावीत.

सोमवारी अजिंठा बंद, पण आपली क्षेत्रे उघडी असतात. शहरापासून ३५ ते ४० किलोमीटरवर कचनेर येथे चिंतामणी पार्श्वनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. भंगलेली मूर्ती तूप-साखरेत ठेवल्यावर पुन्हा सांधली गेली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कार्तिक पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत जाणार असाल तर मुक्कामाची सोय आधी करावी. त्याच दिवशी पैठणला जाता येते. पैठण म्हटले की आपल्याला संत एकनाथ, नाथसागर आणि पैठणी आठवते. परंतु हेच प्राचीन प्रतिष्ठानपूर. भगवान मुनिसुव्रतनाथांचे क्षेत्र येथे आहे. श्वेतांबर परंपरेनुसार कालकाचार्यांनी संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीला केली, ती याच नगरीत, येथील राजाच्या विनंतीवरून. दरवर्षी आपण ज्या तिथीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, त्या तिथीच्या निर्णयाचे गाव एवढ्या जवळ आहे, हे कित्येक घरांत ठाऊकही नसते. मंगळवारी वेरूळ बंद, त्या दिवशी परतीचा प्रवास.

हीच दृष्टी दूरच्या सहलीलाही लागू पडते. आपल्या समाजातील तरुण जोडपी आता स्पेनपर्यंत जातात. तेथे ग्रानादा शहरातील अलहम्ब्रा पाहायचे तर नासरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावरच छापलेली असते. ती चुकली की बाकीचा परिसर पाहता येतो, पण मुख्य वास्तू बाहेरूनच. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियालाही वेळ ठरलेले तिकीट आधी घ्यावे लागते. माद्रिदहून तोलेदो आणि सेगोविया ही दोन्ही गावे एका दिवसात दाखवणाऱ्या सहली मिळतात. तेथेही प्रश्न हाच, की प्रत्येक गावात पाय ठेवायला किती तास? जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री साडेनऊच्या पुढे होतो, त्यामुळे चौविहाराला तेथे घाई नसते. शहर बदलले तरी विचारायचे प्रश्न बदलत नाहीत.

घराजवळची तालीम

शेवटी आपल्या खोपोली-कर्जतच्या वाचकांसाठी एक सूचना. बोरघाट ही प्राचीन व्यापारी वाट आहे. घाटमाथ्यावरील कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहातील लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींचे नाव आहे. या वाटेने माल नेणाऱ्या-आणणाऱ्या लोकांनीच ही लेणी उभारण्यास हात दिला. त्याच मावळात, कामशेत परिसरात पाले नावाचे गाव आहे. तेथील लहानशा लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक शिलालेख आहे. त्याचा आरंभ अरिहंतांना नमस्कार करून होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पाण्याचे टाके खोदवल्याची नोंद त्यात आहे. अभ्यासक हा लेख जैन मानतात आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत, दोन हजार वर्षांहूनही जुना म्हणून, त्याची गणना करतात. जो नवकार आपल्या घरातील मूल बोलू लागताच शिकते, त्याच्या पहिल्या पदाचा भाव आपल्या घाटाच्या माथ्यावर दगडात आहे.

पाल्याला जाण्यासाठी सहलकंपनी नाही, परवानाधारक मार्गदर्शक नाही आणि जाहिरातपत्रकही नाही. पावसाळा सोडून एखाद्या रविवारी सकाळी निघावे, गावातील माहितगार माणसाला सोबत घ्यावे आणि त्याच्या श्रमाचे पैसे न विसरता द्यावेत. वाट तो दाखवेल. लेखाचा अर्थ मात्र मुलांना घरातील वडीलधाऱ्यांनीच सांगायचा आहे. त्यासाठी आदल्या रात्री थोडे वाचून ठेवावे. वेरूळला जाण्यापूर्वी अशी एक तालीम झाली, तर तेथील मार्गदर्शकाला नेमके काय विचारायचे, हे आपल्या मुलांनाच ठाऊक असेल.